आमचे पहिले पत्रक



आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर आम्ही तिघे कॉलेजात डिझाइनचा विषय शिकलो. त्याचा हिशेब आपल्यापुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८९० साली, कलाभवन निघाले ते कला आणि हुन्नर यांची सांगड घालण्यासाठी. हे आम्हांला पाठ होते. अर्थ मात्र उमगला नव्हता. पहिल्याच वर्षी शिष्यवृत्तीचे सूचनापत्रक आम्ही मोठ्या हौसेने काढले. भोवती वेलबुट्टी, अक्षरांना नाना वळणे, आणि अर्जाची शेवटची तारीख खाली कोपऱ्यात, बारीक. सर्वांनी पत्रक वाखाणले. पण एका मातेला ती तारीख दिसलीच नाही. तिच्या मुलीचा अर्ज दोन दिवस उशिरा आला आणि परत गेला.

आम्ही ते पत्रक वर्गात नेले. सरांनी ते भिंतीला लावले, आम्हांला दहा पावले मागे उभे केले व विचारले, "काय वाचता येते?" आम्ही निरुत्तर झालो. मग शिकलो, की देवनागरीला शिरोरेघेच्या वर मात्रा-वेलांट्यांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते. ओळी दाटल्या की अक्षरे एकमेकांत अडकतात. कोरी जागा सोडणे म्हणजे कागद वाया घालवणे नव्हे.

यंदाचे पत्रक आम्ही नव्याने केले आहे. त्यात तारीख सर्वांत ठळक आहे. त्या मुलीच्या अर्जाचा यंदा अगत्याने विचार व्हावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.