दुसऱ्या मालकाची मोटार

आकाशांतील कृत्तिकांच्या पुंजक्यास जपानी भाषेंत 'सुबारू' असें म्हणतात. आपल्या पुराणांतील कृत्तिका सहा. कार्तिकेयाचें संगोपन करणाऱ्या त्या सहा माता. जपानांत 'सुबारू' हें एका मोटारीचेंही नांव आहे, आणि तिच्या नाकावरील चिन्हांतही तारे सहाच आहेत, एक मोठा व पांच लहान. दुसरें महायुद्ध संपल्यावर विमानें बांधणाऱ्या नाकाजिमा कारखान्याचे तुकडे करण्यांत आले. पुढें त्यांतील पांच कंपन्या एकत्र येऊन 'फुजी हेवी इंडस्ट्रीज' ही संस्था १९५३ सालीं उभी राहिली. पांच लहान तारे त्या पांच कंपन्यांचे, मोठा तारा त्यांच्या एकीचा. याच कारखान्याची एक गाडी कांहीं वर्षें आपल्याकडे शेव्हरोले या दुसऱ्याच नांवानें विकली जात असे, त्यामुळें मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ती पाहूनही तिचें मूळ अनेकांच्या लक्षांत आलें नसेल.

कारखान्याची 'इम्प्रेझा डब्ल्यू. आर. एक्स.' ही गाडी १९९२ सालीं जपानांत विक्रीस आली. तिला चार दारें आहेत, मागें तिघांना बसण्याजोगी जागा आहे, सामानासाठीं डिकी आहे. एखाद्या शाळातपासनीसाची गाडी म्हणून ती सहज खपून जावी. मात्र तिच्या बॉनेटवर एक रुंद नाकपुडी उघडलेली दिसते, आणि ती पाहिली कीं जाणत्याचें पाऊल थबकतें. या गृहस्थी रूपाआड दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, इंजिनाला जादा हवा पाजणारा टर्बो; दुसरी, चारही चाकांना एकाच वेळीं मिळणारी प्रेरणा.

असली शक्ति बाजारहाटाच्या गाडींत कशी शिरली, याचें उत्तर शर्यतींच्या नियमांत आहे. 'रॅली' नांवाच्या शर्यती गुळगुळीत वर्तुळांत होत नाहींत. रानांतील कच्चे रस्ते, घाटांतील वळणें, चिखल आणि बर्फ यांवरून त्या होतात. १९८० सालीं जर्मनीच्या आउडी कंपनीनें 'क्वाट्रो' ही गाडी पुढें आणली, आणि टर्बो व चारचाकी प्रेरणा यांची जोडी अशा रस्त्यांवर काय करूं शकते तें जगाला दिसलें. मग चढाओढ लागली, व ती इतकी बेफाम झाली कीं १९८६ सालीं कॉर्सिका बेटावरील शर्यतींत हेन्री टॉइव्होनेन हा फिन्निश चालक व त्याचा सहकारी गाडी पेटून प्राणास मुकले. त्या वर्गाच्या राक्षसी गाड्यांवर बंदी आली. १९८७ पासून असें ठरलें कीं जी गाडी हजारोंच्या संख्येनें सामान्य गिऱ्हाइकांसाठीं बांधली जाते, तिच्याच जातीची गाडी जगज्जेतेपदासाठीं उतरवावी. नियमाचा हेतु शक्तीला आवर घालण्याचा होता. परिणाम मात्र मोठा गमतीचा झाला. ज्याला शर्यत जिंकावयाची, त्याला तीच यंत्रसामग्री कारकुनास, दुकानदारास आणि शिक्षकास विकणें भाग पडलें! सुबारूनें १९९५ पासून सलग तीन वर्षें कारखान्यांचें अजिंक्यपद मिळविलें, आणि १९९५ सालींच कॉलिन मॅक्रे हा स्कॉटिश तरुण तिच्या जोरावर जगज्जेता झाला. मित्सुबिशी कंपनीनें 'लॅन्सर एव्होल्यूशन' ही प्रतिस्पर्धी गाडी काढली, आणि तींत बसून टॉमी मॅकिनेन यानें १९९६ ते १९९९ अशीं चार अजिंक्यपदें ओळीनें घेतलीं. १९९७ मध्यें नियम बराच सैल झाला. पण तोंवर ही जात रुजली होती.

टर्बोचें तत्त्व मात्र या सर्वांहून जुनें. स्वित्झर्लंडमधील यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालींच त्याचें पेटंट घेतलें होतें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु एरवीं वाया जातो. त्याच्या वाटेंत एक छोटें चक्र ठेवावें. तें फिरूं लागलें कीं त्याच आंसावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत लोटतें. हवा जास्त मिळाली म्हणजे पेट्रोलही जास्त जाळतां येतें, आणि लहान इंजिन मोठ्याचें काम करूं लागतें. लोहाराच्या भात्यासारखाच हा प्रकार होय. फरक एवढाच कीं येथें भाता ओढावयास पोरगा लागत नाहीं, भट्टीचा धूरच तो ओढतो. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला निवविणारी एक जाळी बसवावी लागते, आणि त्या जाळीवर वारा पडावा यासाठींच बॉनेटवरची ती नाकपुडी आहे. अनेक गाड्यांवर अशा नाकपुड्या केवळ शोभेसाठीं चिकटविलेल्या असतात. हिची खरी आहे.

या भात्याचा आंस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो तोललेला असतो वंगणतेलाच्या एका पातळ पापुद्र्यावर. शेजारीं धगधगीत तापलेला वायु, मध्यें तेलाचा पापुद्रा. तेल जुनें झालें, कमी पडलें, किंवा जोरानें धांवून आलेली गाडी तत्क्षणीं बंद केल्यामुळें जागच्या जागीं करपलें, तर तेलाच्या बारीक वाटा काजळीनें बुजूं लागतात. म्हणून अशी गाडी बाळगणारे समंजस लोक घर जवळ आलें कीं शेवटचा मैलभर सावकाश येतात. शर्यतीचा घोडा धांवून आल्यावर मोतद्दार त्याला लगेच ठाणावर बांधीत नाहीं, थोडा फिरवून आणतो, त्यांतलाच हा भाग.

आतां खरा प्रश्न असा, कीं पहिला मालक समंजस होता कीं नव्हता, हें दुसऱ्या मालकाला कसें कळावें?

अमेरिकेच्या ईशान्येस व्हर्माँट हें संस्थान आहे. तेथें हिवाळ्यांत रस्ते महिनोन्‌महिने बर्फानें माखलेले असतात, व चारचाकी प्रेरणा ही तेथें चैन समजली जात नाहीं. तेथील एक तरुण गृहस्थ कल्पावा. नुकतें लग्न झालेलें, पगार बेताचा, कोरी गाडी घेण्याची ऐपत नाहीं. त्याच्या मनांत २००९ ते २०१४ या काळांतील डब्ल्यू. आर. एक्स. भरली आहे. अडीच लिटरचें इंजिन, २६५ अश्वशक्ति, पांच गिअर. पहिली गाडी तो पाहावयास जातो ती धुवून लख्ख केलेली आहे. मागची नळी मनगटाएवढी जाड. विक्रेता अभिमानानें सांगतो, कीं हवा आंत घेणारी मूळची नळी काढून त्यानें रुंद नळी बसविली आहे व त्यामुळें गाडी अधिक पळते.

या एका वाक्यानेंच गिऱ्हाइकानें सावध व्हावें. गाडींतील संगणक आंत येणारी हवा मोजूनच पेट्रोल किती सोडावयाचें तें ठरवितो, आणि त्याचें तें माप नळीच्या ठराविक रुंदीवर बसविलेलें असतें. नळी रुंद केली पण माप नवें बसविलें नाहीं, तर येणारी हवा प्रत्यक्षांत अधिक आणि संगणकाच्या हिशेबीं कमी, असा घोटाळा होतो. पेट्रोल कमी पडतें. मिश्रण वेळेपूर्वीं व धडाक्यानें पेट घेतें. त्या हातोड्यांनीं दट्ट्याच्या कड्यांमधील धातूची कड तुटते. या इंजिनाच्या दट्ट्यांची ती कड मुळांतच नाजूक, असा त्याचा लौकिक आहे. तुटल्यावर धूर दिसूं लागतो, तेल घटूं लागतें, आणि इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या किंमतीचा मोठा लचका तोडतो. ज्याच्या शिलकेचा पैसा गाडींतच अडकला आहे, अशा माणसाला हा घाव संसारापर्यंत जाऊन लागतो.

म्हणून गाडी पाहावयास जाणाऱ्यानें विक्रेत्याला आधींच बजावून ठेवावें, कीं इंजिन थंड असूं द्या. आपण येण्यापूर्वीं ज्यानें तें तापवून ठेविलें, त्यानें कांहीं लपविलें असण्याचा संभव आहे. कारण आंतील ढिला खडखडाट थंडपणींच अधिक ऐकूं येतो. तेलाची कांडी ओढून पाहावी. चारही नळकांड्यांतील दाब एखाद्या तटस्थ कारागिराकडून मोजून घ्यावा. एकाचा आंकडा इतरांहून बराच खालीं असेल, तर पुढें बोलणें नको. इंजिनाचा दांतेरी पट्टा १,०५,००० मैलांवर बदलावयाचा असतो. तो तुटला तर झडपा दट्ट्यांवर आपटून वांकतात, यास्तव तो बदलल्याची पावती हातांत घेतल्याशिवाय त्या गोष्टीवर विश्वास ठेवूं नये. बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानें गाडीचें पोट गंजतें; तेव्हां वरच्या रंगावर खूष न होतां खालीं वांकून पाहावें. कपडे मळतील, मळूं द्यावे.

चाकांची गोष्ट तर स्वतंत्रच आहे. पालखीच्या चार भोयांपैकीं एकजण इतरांहून बुटका असला म्हणजे चौघांचीही दमछाक होते. या गाडींत चारही चाकें एकाच यंत्रणेला जोडलेलीं. मधोमध एक भेदक दांतेचक्र, आणि त्याच्या सोबतीला घट्ट द्रव भरलेली एक डबी, जी पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांतील तफावत आवरून धरते. एक टायर नवा व तीन झिजलेले असले, तर ही तफावत सपाट रस्त्यावरही क्षणभर थांबत नाहीं, आणि ती डबी तापून निकामी होते. टायरांच्या घेरांत पाव इंचाहून अधिक फरक नसावा अशी कारखान्याची ताकीद आहे. एका खिळ्यापायीं चारही टायर विकत घेण्याची पाळी येते, ती अशी. विक्रीच्या गाडीला चार निरनिराळ्या जातींचे टायर दिसले, तर पहिल्या मालकाच्या स्वभावाविषयीं निराळें विचारण्याची गरज उरत नाहीं.

क्लचचेंही असेंच. दोन चाकांच्या गाडीला एकदम जोर दिला तर चाकें जागच्या जागीं घसरतात आणि तो जोर तेथेंच जिरतो. चारही चाकें रस्त्याला घट्ट धरून बसल्यावर जिरावयास जागा नाहीं. मग तो क्लचवर आणि गिअरपेटीवर फुटतो. सिग्नलपाशीं चार मित्रांना चमत्कार दाखविण्याची हौस पहिल्या मालकानें किती वेळां भागविली असेल, तें क्लच सांगतो.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे, कारण त्यांत माणसें मरतात. चारचाकी प्रेरणा गाडीला निघावयास मदत करते, चढावयास करते, निसरड्या वळणांतून बाहेर पडतांना करते. थांबवावयास करीत नाहीं. ब्रेक तर सर्वच गाड्यांना चारही चाकांवर असतात. बर्फावर ही गाडी इतकी सहज वेग घेते, कीं रस्ता निसरडा असल्याचा चालकाला विसर पडतो. आठवण होते ती समोरची गाडी उभी दिसल्यावर. थांबविणें हें सर्वस्वीं टायरांवर अवलंबून आहे, आणि म्हणून व्हर्माँटच्या गृहस्थानें आपल्या अंदाजपत्रकांत हिवाळी टायरांचा संच आधीं धरावा व मगच गाडीची किंमत ठरवावी. पेट्रोलही उंच प्रतीचें लागतें. सरकारी मोजणीप्रमाणें शहरांत गॅलनला १९ मैल व हमरस्त्यावर २५, म्हणजे लिटरमागें आठ ते साडेदहा किलोमीटर. तरुण म्हणून विम्याचा हप्ता जड पडेल तो निराळाच.

इतकें सारें ऐकून कोणी विचारील, कीं मग ही ब्याद घ्यावीच कशाला? त्याला सकाळच्या ओल्या घाटरस्त्यावर या गाडींत बसवावें. पायाखालीं जोर दिला कीं प्रथम कांहींच होत नाहीं. भाता भरावयास क्षणभर लागतो. मग सुमारें तीन हजार फेऱ्यांच्या आसपास पाठीवर कोणी तळहात ठेवून लोटावें तशी गाडी पुढें जाते, आणि वळणावर ती रस्ता सोडीत नाहीं. इंजिनाचे चार दट्टे उभे नसून दोन इकडे, दोन तिकडे असे आडवे निजलेले आहेत, त्यामुळें वजन जमिनीलगत राहतें. धूर नेणाऱ्या नळ्या कमीअधिक लांबीच्या असल्यानें आवाजाला एक खर्जांतली घरघर येते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें तो दोषच. पण त्या दोषावर लोक जीव टाकतात! मागच्या बैठकीवर मूल झोंपलेलें, डिकींत भाजीपाला, आणि खालीं मॅक्रेच्या गाडीचें रक्त, असा हा विलक्षण मिलाफ आहे.

तसा मिलाफ आतां दुर्मिळ होत चालला आहे. लॅन्सर एव्होल्यूशनचें उत्पादन २०१६ सालीं संपलें. सुबारूची अधिक जहाल बहीण 'एस. टी. आय.' २०२१ मध्यें बंद झाली. डब्ल्यू. आर. एक्स. नव्या रूपांत निघते, पण जुन्यांपैकीं कोणीं हात न लावलेली गाडी शोधावी लागते, आणि शोधणारे पुष्कळ आहेत.

आपला गृहस्थ ती लख्ख गाडी सोडून परत येतो. तीन आठवड्यांनीं त्याला दुसरी सांपडते. रंग उडालेला, मागच्या दारावर ओरखडा, एक लाख दहा हजार मैल चाललेली. मालकीणबाई एका बुटांच्या खोक्यांत पावत्या घेऊन बाहेर येतात. तेल बदलल्याच्या, पट्टा बदलल्याची, चार टायर एकाच दिवशीं घेतल्याची. इंजिन थंड आहे. भाव त्या लख्ख गाडीपेक्षां जास्त सांगतात व त्यांतून एक डॉलर कमी करीत नाहींत. तो थोडी घासाघीस करून पाहतो, मग पैसे मोजतो. वाटेंत पहिल्याच पेट्रोलपंपावर थांबून, इंजिन जरा निवल्यावर, तो बॉनेट उघडतो, तेलाची कांडी ओढतो, फडक्यानें पुसून पुन्हां आंत घालतो, आणि उजेडाकडे धरून पाहतो.