तुळईचा बाक

पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहरात आणि जिल्ह्यातल्या खेड्यांतही जुने माळवदाचे वाडे उतरवले जातात. सागवानी तुळया, कड्या, चौकटी वखारीत जाऊन पडतात. हे लाकूड वर्षानुवर्षं वाळून बसलेलं असतं, त्यामुळे नव्यासारखं सहसा पिळत नाही.

घेताना मात्र तुळईची टोकं आधी बघा. भिंतीत गाडलेला भाग ओलीने कुजतो, वाळवीही तिथूनच शिरते. पेचकस टोचा, सहज रुतला, तर तेवढा तुकडा कापून टाका. लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. सुतार उखडेल ते वेगळंच! जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना तोंडावर मास्क हवा.

आता दुहेरी कामाची वस्तू. तुळईचे पाय, कड्या चिरून केलेल्या फळ्यांची अठरा इंच उंच पेटी, आणि वर झाकण म्हणून जुन्या दाराच्या दोन्ही फळ्या शेजारी जोडून बिजागरीवर. दिवसा बाक, रात्री दिवाण, आत गोधड्या. दाराची कडी काढू नका, उचलायला तीच कामी येते. झाकणाला आतून साखळीही लावा. सागवानी दार बोटांवर पडलं, तर ते पोकळ प्लायवूड नव्हे!