शिशी बदलली तेव्हा



साहित्याच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरने दुकानातल्या वस्तूंवर बोलावे, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. पण तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी बसलेली नावे आठवून पाहा. त्यांत लेखकांइतकीच मंजनांची, मलमांची आणि बिस्किटांचीही निघतील. जुनी वस्तू कंपनी नव्या रूपात आणते, तेव्हा आपला जिव्हाळा कधी वाढतो, कधी तुटतो. असे का होते, एवढाच आजचा विषय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी मी दवाखान्यात काचेच्या शिश्यांऐवजी प्लॅस्टिकच्या डब्या आणल्या. गोळ्या त्याच, मात्राही तीच. काचीगुड्याहून येणाऱ्या एका आजींनी डबी हातात फिरवून पाहिली, पण बोलल्या काही नाहीत. महिन्याने आल्या, त्या भरलेली डबी तशीच घेऊन. म्हणाल्या, "डॉक्टरसाब, हे माझं औषध नव्हे." त्यांना वाचता येत नव्हते. औषधाची खूण त्यांच्या हाताला ठाऊक होती आणि ती खूण मी न सांगता काढून घेतली होती. महिनाभर त्यांचा खोकला तसाच राहिला.

हे शहाणपण आपल्याच शहरात शिकता आले असते. हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारुकी यांनी १९२० मध्ये हैदराबादेत ‘झिंदा तिलिस्मात’ हे युनानी औषध काढले. निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचे आणि ओव्याचे सत्त्व. सर्दी झाली की गरम पाण्यात किंवा चहात काही थेंब. त्या शिशीवरचा सिद्दी पुरुष तुमच्या आजोबांनी पाहिला आणि तुमच्या नातवालाही तो दिसतो. भाषा कोणतीही असो, ते चित्र दाखवले की दुकानदार शिशी काढून देतो.

म्हणजे काहीच बदलू नये का? तसे नाही. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत विको सुरू केली. वज्रदंती आधी पावडर होती. लोकांच्या हाती ब्रश आला, तशी तिची पेस्ट झाली. हळद उटण्याच्या वाटीतून ट्यूबमध्ये आली. रूप बदलले, पण वनस्पती आणि हळद ही ओळख कंपनीने सोडली नाही. माणसाची सवय बदलली, म्हणून वस्तू त्याच्या सोयीने पुढे सरकली.

याच्या उलट कोका-कोलाचे झाले. सुमारे दोन लाख लोकांना चव दाखवून कंपनीने एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेत नवे पेय आणले आणि जुने बंद केले. चाचणीत नवी चव सरस ठरली होती. तरीही लोक चिडले आणि ७९ दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. कोणते गोड लागते, हे विचारले होते. जुने काढून घेऊ का, हे विचारले नव्हते. मी आजींना तरी कुठे विचारले होते?

आता आमच्या जैन घरातले सांगतो. नवे बिस्किट आले की आई दुकानदाराला चार प्रश्न विचारी, मगच पुडा घरात येई. पुढे वेष्टनावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आला. त्या बदलाबद्दल आईने कधी तक्रार केली नाही. कारण तो ठिपका तिला अधिक काही सांगत होता. उलट किंमत तीच, चित्र तेच आणि आतले वजन मात्र गुपचूप कमी, असा पुडा हाती आला की ती तळहातावर तोलून म्हणे, "हे हलकं झालंय." छापलेले वजन तिने वाचले नसेल, पण फसवणूक तिच्या हाताला कळत होती. मुलांना मोजून बिस्किटे देणाऱ्या घरात ती फसवणूक पोटापर्यंत जाते.

तेव्हा बदल लहान की मोठा, याला फारसे महत्त्व नाही. तो सांगून केलेला आहे की लपवून, हे पाहावे. सांगितलेला बदल लोक स्वीकारतात, कधी त्याचे कौतुकही करतात. लपवलेला उघडा पडला की चाळीस वर्षांचा विश्वास एका दिवसात जातो.

एक सावधगिरी मात्र डॉक्टर म्हणून सांगायला हवी. एखाद्या औषधावर आपले प्रेम आहे, एवढ्याने त्याचा गुण सिद्ध होत नाही. हे मी माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनाही लावतो. ताप तीन दिवस उतरला नाही, धाप लागली, तर आवडती शिशी कपाटात ठेवा आणि तपासणी करून घ्या.

आजींना मी पुन्हा काचेची शिशी दिली. इतर रुग्णांसाठी डब्या राहिल्या, पण आता नवी डबी देताना मी जुनी शिशी शेजारी ठेवतो, दोन्हींतल्या गोळ्या त्यांच्यासमोर तळहातावर काढून दाखवतो आणि विचारतो, "चालेल ना?" त्याला दोन मिनिटे जास्त लागतात. बाहेर बसलेले रुग्ण कुरकुरतात. पण भरलेली डबी घेऊन परत आलेले अजून कोणी नाही.