घर एक, हवामानें अनेक
अमेरिकेंतील दुमजली घराची एक जुनी तक्रार आहे. यंत्र चालू झालें म्हणजे पत्र्याच्या नळांतून ऊन किंवा थंड हवा घरभर खेळते. पण केव्हां थांबावयाचें हें ठरविणारा थर्मोस्टॅट एकच, आणि तोहि बहुधा खालच्या मजल्यावर. उन्हाळ्यांत खालीं बसलेला शाल शोधतो, वर निजलेला घामानें भिजतो, आणि पाहुण्यांची रिकामी खोली मात्र इमानेंइतबारें थंड होत राहते.

हा प्रश्न नवा नाहीं. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथें प्राध्यापक वॉरेन जॉन्सन शिकवीत, तेव्हां शिपाई वर्गावर्गांत येऊन ऊब तपाशी व तळघरांत जाऊन झडपा फिरवी. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनीं विजेचा थर्मोस्टॅट योजिला; त्याचें पेटंट १८८३ चें. आजची विभागवार योजना त्याचाच विस्तार होय: नळांत मोटारीच्या झडपा, प्रत्येक विभागास वेगळा थर्मोस्टॅट. मेख एवढीच कीं, झडपा मिटल्यावरहि पंखा तितकीच हवा ढकलूं लागला तर नळांतील दाब वाढतो व हवा सांध्यांतून गळते. वेग कमीजास्त होणारा पंखा असेल तेथेंच ही योजना शोभते. मुंबईपुण्यास खोलीगणिक निराळें यंत्र बसवितात. तेथें विभाग आपोआपच पडतात!

सरकारनेंहि यांत हात घातला. फेब्रुवारी १९७७ मध्यें अध्यक्ष कार्टर यांनीं स्वेटर घालून राष्ट्राला दिवसा ६५ व रात्रीं ५५ अंश फॅरनहाइटची शिफारस केली. १९७८ च्या कायद्यानें घरांतील ऊब राखण्याच्या पहिल्या २,००० डॉलर खर्चावर शेंकडा १५ करसूट दिली. २०२२ च्या कायद्यानें ती शेंकडा ३० झाली; उष्णता-पंपासाठीं वर्षास २,००० डॉलरपर्यंत. झडपांना मात्र स्वतंत्र कलम लाभलें नाहीं. शिवाय सूट करांतूनच वजा व्हावयाची. ज्याला करच बसत नाहीं त्याच्या हातीं कांहीं येत नसे, आणि फटींतून वारा येणारें घर पुष्कळदां त्याचेंच.

जुलै २०२५ च्या कायद्यानें ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांना ही सूट बंद झाली. आतां असा खर्च मुख्यतः इंधनाच्या बिलांतूनच भरून काढावयाचा. म्हणून जाणता कारागीर आधीं माळ्यावरील नळांचे सांधे बुजवितो. गळक्या नळावर झडप बसविली, तर दाबलेली हवा निजावयाच्या खोलीऐवजीं माळ्यालाच ऊब देते.