विरोध इतिवृत्तात नोंदवा



पदवीधरांनो, तुमचं अभिनंदन, आणि तुमच्या आईवडिलांचं थोडं अधिक. यशाची सूत्रं जळगावच्या मेहरूणला यायच्या आधीच तुमच्या मोबाइलवर पोचलेली असतात, म्हणून ती सांगत नाही. माझा पेशा राज्यशास्त्र शिकवण्याचा, आणि त्या पेशाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. देशाच्या पहिल्या पिढीतल्या नेत्यांचे परस्परसंबंध हा शिकवण्याचा विषय होता; आम्ही त्याचा कुस्त्यांचा फड केला. नेहरू की पटेल, नेहरू की आंबेडकर, अशा जोड्या लावल्या, गाइडांतून निकाल छापले आणि मुलांना टाळ्या वाजवायला बसवलं. उरलेल्यांनी याच्या उलट टोक गाठलं: सगळे थोर, सगळे एकदिलाचे, मतभेद झालेच नाहीत. दोन्ही खोटं आहे. ते कडाडून भांडले. पण कशावरून भांडतोय हे त्यांनी लिहून ठेवलं. नव्या प्रजासत्ताकाला त्यांच्या प्रेमापेक्षा या लिहून ठेवण्याचा उपयोग जास्त झाला, एवढंच मला आज सांगायचं आहे.

पुरावा शोधायला दिल्लीला जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींची मेहनत, नंदलाल बोस यांनी सजवलेली नगरी, नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय, हे सगळं खानदेशात अभिमानानं सांगितलं जातं. त्याच्या सहा महिने आधी काय झालं, हे मात्र कुणी सांगत नाही. जूनअखेरीस वल्लभभाई, राजेंद्रबाबू, राजाजी, शंकरराव देव अशा सात जणांनी कार्यकारिणीचे राजीनामे लिहिले होते. अध्यक्ष नेहरूंचा समाजवादाचा प्रचार त्यांना मान्य नव्हता. गांधीजींनी मध्यस्थी केली आणि राजीनामे मागे घेतले गेले. पुढे फैजपूरच्या अध्यक्षपदासाठी पटेलांचं नाव आलं, तेव्हा त्यांनी ते नेहरूंसाठी मागे घेतलं. आपल्याकडे गोष्ट इथेच संपते आणि त्यागाचा जयजयकार होतो. पण माघार घेतली म्हणजे नेहरूंची सगळी मतं मला पटतात असं नाही, हेही पटेलांनी जाहीर निवेदनात सांगितलं होतं. माघारीइतकंच ते निवेदन महत्त्वाचं आहे. त्यामुळे फैजपूरला आलेल्या शेतकऱ्याला व्यासपीठावरची एकी कुठवर आहे आणि कुठे संपते, हे आधीच ठाऊक असू शकत होतं.

स्वातंत्र्यानंतर हीच रीत सत्तेत कसाला लागली. अजमेरच्या दंगलीनंतर नेहरूंनी आपला अधिकारी तिथे पाठवला. गृहमंत्री पटेलांना ते रुचलं नाही. जानेवारी 1948 मध्ये दोघांनी आपापली बाजू गांधीजींना लेखी कळवली आणि दोघांनीही पद सोडायची तयारी दाखवली. वाद दिसायला मानापमानाचा, मुद्दा मात्र राज्यघटनेचा: पंतप्रधानानं दुसऱ्या मंत्र्याच्या खात्यात कुठवर हात घालायचा? 30 जानेवारीच्या संध्याकाळी गांधीजी पटेलांशी बोलत होते. तिथून उठून ते प्रार्थनेला निघाले आणि त्यांची हत्या झाली. मध्यस्थ गेला. तरी फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली आणि पटेलांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे डिसेंबर 1950 पर्यंत, ते एकाच सरकारात राहिले. भांडण मिटलं नव्हतं. त्याच वर्षी पुरुषोत्तमदास टंडन यांच्या काँग्रेस अध्यक्षपदावरून ते पुन्हा समोरासमोर आले होते.

तुम्ही म्हणाल, ही सगळी एका तुरुंगातली, एका पंगतीतली माणसं. त्यांना हे जमणारच. आक्षेप खरा आहे, आणि तो सर्वांत टोकदार होतो बाबासाहेबांपाशी. ते त्या पंगतीतले नव्हते. 1947 मध्ये त्यांना मंत्रिमंडळात घेतलं, याचं कौतुक आपण फार करतो. पण हिंदू कोड बिल रखडलं आणि 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सभागृहात निवेदन करायला उभे राहिले, तर पीठासीन अधिकाऱ्यांनी त्याची प्रत आधी मागितली. ते बाहेर पडले आणि त्यांनी निवेदन वर्तमानपत्रांकडे दिलं. व्यक्तिगत सौजन्याची मर्यादा इथे उघडी पडते. नेत्यांमधला जिव्हाळा ज्यांच्यात असतो त्यांनाच पुरतो. बाहेरच्याला नियम लागतो आणि नोंद लागते. आज आपल्याला बाबासाहेबांच्या राजीनाम्याची कारणं मुद्देसूद माहीत आहेत, ती त्या लेखी निवेदनामुळे. शिवाय माणसांवर उभा असलेला तोल माणसांबरोबरच जातो. पटेल गेले, आणि वर्षभराच्या आत टंडन जाऊन पक्षाचं अध्यक्षपदही पंतप्रधानांकडेच आलं.

म्हणून 1956 मधले चिंतामणराव देशमुख मला फार मोलाचे वाटतात. मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली, तेव्हा अर्थमंत्री देशमुखांनी पद सोडलं आणि लोकसभेत कारण सांगितलं. महाराष्ट्रावरचा अन्याय हा एक भाग. हा निर्णय मंत्रिमंडळापुढे न आणता झाला, हा दुसरा. नेहरूंनी तो आरोप नाकारला. आठ वर्षांपूर्वीचा पटेलांचा प्रश्न आता संसदेच्या कामकाजात नोंदला गेला. आणि त्याच वर्षी देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. भर सभागृहात पंतप्रधानांना जाब विचारणारा माणूस देशाच्या उच्च शिक्षणाचा कारभार पाहू शकला. तुमच्या हातातल्या पदवीमागे तोच आयोग आहे.

दुसरा आक्षेप आजचा आहे: आमचे नेतेही एकमेकांच्या लग्नकार्यांना जातात, वाढदिवसाला हार घालतात, मग तेव्हाचं आणि आताचं वेगळं काय? वेगळं असं, की तेव्हा मतभेद जाहीर असत म्हणून सलोख्यावर विश्वास बसे. 1957 च्या निवडणुकीत धुळ्यानं जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर पाठवले, तेव्हा त्यांच्या पाठीशी संयुक्त महाराष्ट्र समिती होती आणि समितीत कम्युनिस्टही होते. विचारांचं अंतर कुणी लपवलं नव्हतं. एकत्र येण्याचं कारण एकच होतं, मुंबईसह मराठी भाषकांचं राज्य, आणि ते गावोगावच्या सभांमधून सांगितलं जाई. याच समितीनं तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना सळो की पळो करून सोडलं. पण चीनच्या युद्धानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून 1963 मध्ये नाशिकला उभे राहिले, तेव्हा बिनविरोध निवडून आले. ती निवडणूक बिनविरोध का झाली, हे मतदाराला समजत होतं. आजच्या युत्या आणि बिनविरोध निवडी बंद खोलीत ठरतात. भाषणात शिव्या, खोलीत समझोता, आणि कारण मतदाराला कधीच कळत नाही. त्या मैत्रीला मी संगनमत म्हणतो.

तुमच्यातले थोडेच आमदार-खासदार होतील. पण ग्रामसभेत, पतसंस्थेत, दूध सोसायटीत, शाळेच्या समितीत तुम्ही बसालच. तिथे कुणीतरी शेजारचा, नात्यातला, उपकार केलेला माणूस म्हणेल, आपसातलं आहे, लिहू नका. तुम्ही लिहा. पटलं नाही तर कारणासह विरोध इतिवृत्तात नोंदवा, त्याखाली सही करा, आणि मग त्याच माणसाबरोबर चहा प्या.