फिरता शेगडा

कोणताहि छंद घरांत शिरला कीं त्याच्या पाठोपाठ त्याचीं हत्यारें येऊं लागतात. चित्रकलेमागून कुंचले येतात, सुतारकामामागून रंधे येतात; आणि लवकरच छंद कोणता व हत्यारांचा संग्रह कोणता, हें घरच्या मंडळींना ओळखूं येईनासें होतें. आज ज्या हत्याराविषयीं मी बोलणार आहें, तें आपल्यापैकीं बहुतेकांच्या पाहण्यांत नसेल. इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका या देशांत ट्राउट आणि सामन हे मासे गळानें धरण्याचा अनेकांना षोक आहे. या षोकांतले लोक हिंवाळ्याच्या लांब रात्रीं घरांत बसून गळावर पिसांच्या कृत्रिम माश्या बांधतात. बांधतांना गळ ज्यांत पकडून ठेवावयाचा तो लहानसा शेगडा, म्हणजे कारखान्यांत ज्याला व्हाइस म्हणतात त्याचा धाकटा भाऊ. हा शेगडा आतां स्वतःभोंवतीं फिरणाराहि मिळतो. तो घ्यावा कीं न घ्यावा, आणि घ्यावयाचा तर कसा पारखून घ्यावा, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहान आहे; पण त्याचें उत्तर चुकलें तर पैसा जातो, आणि पुष्कळदां पैशाबरोबर छंदहि जातो.

प्रथम माशी म्हणजे काय तें पाहूं. घरांत अन्नावर बसणारी माशी येथें अभिप्रेत नाहीं. थंड ओढ्यांच्या पाण्यांत वाढून, पंख फुटतांच पृष्ठभागावर येणारे जे नाजूक कीटक, ते ट्राउट माशाचें नित्याचें अन्न होय. खरा कीटक गळाला टोंचावा तर त्याचा चुराडा होतो. म्हणून मनुष्यानें त्याचें सोंग तयार केलें. ही युक्ति फार जुनी आहे. मॅसिडोनियांतील लोक गळाला तांबडी लोंकर गुंडाळून त्यावर कोंबड्याचीं दोन पिसें बसवितात, असें ईलियन या ग्रंथकारानें इ. स. २०० च्या सुमारास लिहून ठेविलें आहे. पुढें १४९६ सालीं इंग्लंडांत छापलेल्या मत्स्यमृगयेवरील एका प्रबंधांत बारा माश्यांच्या कृति दिलेल्या आढळतात. सामग्री आजहि मूळची तीच आहे: पीस, लोंकर, केस, रेशीम आणि जरीची तार.

या सामग्रीशीं आपल्या सह्याद्रीचाहि संबंध आलेला आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेवरचीं, मेणाचा थेंब पडल्यासारख्या चकचकीत ठिपक्यांचीं पिसें सामनच्या माश्यांसाठीं एके काळीं हिंदुस्थानांतून विलायतेस जात असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्या पक्ष्याला संरक्षण दिलें आहे. उलटपक्षीं, १९०० च्या सुमारास विलायतेहून ट्राउटचीं अंडीं काश्मीरांत आणून तेथल्या ओढ्यांत हे मासे वाढविण्यांत आले. तेव्हां हा षोक सर्वस्वीं परका आहे असेंहि म्हणतां येणार नाहीं.

आतां शेगड्याकडे वळूं. शेंकडों वर्षें लोक गळ डाव्या हाताच्या बोटांत धरून उजव्या हातानें माशी बांधीत आले. अमेरिकेंतील ली वुल्फ हे प्रसिद्ध मत्स्यमृगयापटु तर विसाव्या शतकांतहि शेगड्यावांचून, नुसत्या बोटांत गळ धरून माश्या बांधीत. पण हें कौशल्य सर्वांना साधत नाहीं. आपल्याकडे पटवेकरी दागिना गाठवितांना दोऱ्याचें टोंक खुंटीला किंवा पायाच्या अंगठ्याला अडकवितो, तें दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. शेगडा हें तेंच काम करतो. तो बांधणाराचा तिसरा हात आहे. आणि तिसऱ्या हाताचा पहिला गुण एकच: त्यानें धरलेलें सोडतां कामा नये.

साधा शेगडा गळ धरून स्वस्थ उभा असतो. फिरत्या शेगड्याचे मात्र दोन प्रकार आहेत, आणि विकत घेणाराची फसगत बहुधा येथेंच होते. पहिल्या प्रकारांत जबडा तिरका असून तो स्वतःच्या आंसाभोंवतीं वळतो. गळाचा दांडा त्या आंसावर नसल्यामुळें, जबडा फिरूं लागला कीं गळ हवेंत वाटोळा झोका घेतो. अशा शेगड्यांत माशी उलटी करून तिची पलीकडची बाजू पाहतां येते, पण तिच्यावर कांहीं गुंडाळतां येत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत जबड्याची भुजा मुद्दाम वांकवून अशी बसविलेली असते कीं गळाचा सरळ दांडा बरोबर फिरण्याच्या आंसावर यावा. मग शेगडा कितीहि फिरविला तरी दांडा जागच्या जागीं फिरत राहतो. ज्यांनीं चरख्यावर सूत कातलें आहे त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको. चाती सरळ असली तर ती फिरते आहे हेंसुद्धां डोळ्यांना जाणवत नाहीं. ती केसभर वांकली कीं थरथरते, आणि सूत तुटतें. खरा फिरता शेगडा म्हणजे ज्याची चाती सरळ आहे असा शेगडा. अमेरिकेंत रेन्झेटी यांचे शेगडे या रचनेसाठीं प्रसिद्ध आहेत. नॉर-व्हाइस नांवाच्या शेगड्यांत तर गळ लेथवरच्या कामासारखा वेगानें गरगर फिरवितां येतो.

या फिरण्याचा उपयोग काय? माशीच्या अंगावर जरीची तार, लोंकर किंवा कोंबड्याचें लांब पीस वेढ्यामागून वेढा असें गुंडाळावें लागतें. साध्या शेगड्यावर तें पीस या हातांतून त्या हातांत देत गळाभोंवतीं न्यावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं ताण थोडासा बदलतो. फिरत्या शेगड्यावर पीस उजव्या हातांत स्थिर धरावयाचें व डाव्या हातानें मूठ फिरवावयाची. वेढे एकमेकांना लागून सारख्या ताणानें बसत जातात. मात्र त्या वेळीं बांधण्याचा दोरा गळाबरोबर गुंडाळला जाऊं नये, म्हणून दोऱ्याचें रीळ आंसाच्या रेषेंत एका आकड्यावर टेंकवून ठेवावें लागतें. हा आकडा शेगड्याबरोबर मिळतो कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं विचारून घ्यावें. त्यावांचून फिरता शेगडा निम्मा निरुपयोगी आहे.

परंतु येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. माशी बांधण्याचें बरेचसें काम गळ स्थिर असतांनाच होतें. दोऱ्याचे पहिले वेढे घालणें, शेंपटी बसविणें, पंख उभे करणें, शेवटची गांठ मारणें, यांतल्या कशालाहि शेगडा फिरण्याची गरज नाहीं. म्हणून जो शेगडा उत्तम फिरतो पण मध्यम धरतो, तो वाईट शेगडा. आणि जो फिरत नाहीं पण घट्ट धरतो, तो चांगला शेगडा. नवशिका मनुष्य दुकानांत गेला कीं प्रथम मूठ गरगर फिरवून पाहतो आणि खूष होतो. त्यानें प्रथम गळ अडकवून पाहावा. परीक्षेचा क्रम मी असा सुचवीन.

पहिली परीक्षा पकडीची. आपण ज्या गळांवर बांधणार त्यांतला लहानांत लहान आणि मोठ्यांत मोठा गळ बरोबर न्यावा. गळांचे क्रमांक उलटे चालतात. क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. २० क्रमांकाचा गळ तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. गळाचा वांक जबड्यांत पकडून त्याच्या नेढ्याकडील टोंकावर आंगठ्यानें हलकासा दाब द्यावा. पोलाद लवचीक असल्यामुळें दांडा किंचित् वांकून पूर्ववत् झाला तर उत्तम. गळ जबड्यांत घसरला किंवा वळला तर तो शेगडा तेथेंच ठेवावा. पकड कांहीं शेगड्यांत मळसूत्रानें आवळतात, कांहींत तरफ दाबून बसवितात, आणि रीगलसारख्या शेगड्यांत कळ दाबली कीं जबडा उघडतो व सोडली कीं स्प्रिंगच्या जोरानें आपोआप मिटतो. कोणतीहि रीत वाईट नाहीं. मात्र घट्ट बसण्यासाठीं सगळ्या अंगाचा जोर लावावा लागत असेल तर जबड्यांचें पोलाद किंवा त्यांची घडण सदोष आहे असें समजावें. फाजील जोरानें जबडे झिजतात आणि बारीक गळ मोडतो.

दुसरी परीक्षा आंसाची. गळाच्या नेढ्यासमोर एक सुई स्थिर धरावी आणि शेगडा सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा. नेढें सुईच्या टोंकापासून हललें नाहीं तर दांडा आंसावर आहे. गळ बदलला कीं ही जुळणी नव्यानें करावी लागते. ती चटकन होते कीं प्रत्येक वेळीं खटपट करावी लागते, तेंहि पाहावें.

तिसरी परीक्षा फिरण्याची. फेरा सैल किंवा जड करण्यासाठीं एक स्क्रू असतो. तो आवळला असतां जबडा जेथें थांबविला तेथेंच राहिला पाहिजे, आणि सैल केला असतां धक्का न खातां फिरला पाहिजे. आंस खुळखुळतां कामा नये.

चौथी गोष्ट बैठकीची. एक प्रकार टेबलाच्या कडेला चापानें आवळावयाचा, दुसरा जड धातूच्या बैठकीवर उभा राहणारा. पहिला हलत नाहीं, व त्याची उंची सहसा कमी-जास्त करतां येते. परंतु जाड कडेच्या टेबलाला चाप बसत नाहीं. दुसरा कोठेंहि मांडतां येतो. परंतु बैठक हलकी असली तर दोरा ताणतांच तो पुढें सरकतो. ज्यांचें काम जेवणाच्या टेबलावर चालतें आणि ताटें मांडण्यापूर्वीं आवरावें लागतें, त्यांना जड बैठक सोयीची. डावखुऱ्या माणसानें मूठ दुसऱ्या बाजूस घेतां येते कीं नाहीं, हेंहि विसरूं नये.

मग हा फिरता शेगडा कोणासाठीं? जो वर्षांतून दहावीस माश्या बांधणार, त्याला साधा पण घट्ट शेगडा पुरे. उरलेले पैसे त्यानें चांगल्या पिसांवर खर्च करावेत. जो एकाच जातीच्या माश्या डझनांनीं बांधतो, त्याला फिरता शेगडा वेळ वांचवून देईल. पण याहून निराळा असा एक वर्ग आहे, आणि त्याच्यासाठीं हा विषय केवळ सोयीचा राहत नाहीं. ज्याचें मनगट संधिवातानें आंखडलें आहे, त्याला हात गळाभोंवतीं नेण्यापेक्षां गळच फिरविणें सोपें जातें. ज्याची मान किंवा पाठ वांकत नाहीं, त्याला माशीची पलीकडची बाजू स्वतः न हलतां पाहतां येते. २००५ सालीं वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड सैनिकी रुग्णालयांत, तेथें उपचार घेत असलेले निवृत्त नौदल अधिकारी एड निकोल्सन यांनीं जखमी सैनिकांना गळ टाकण्यास व माश्या बांधण्यास शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स या नांवानें तो पुढें देशभर पसरला. ज्यांचे हात युद्धांत निकामी झाले, त्या माणसांना आपल्या हातून पुन्हां कांहीं सुंदर घडतें याचा प्रत्यय येणें, ही गोष्ट हत्याराच्या किंमतींत मोजतां येत नाहीं. अशा माणसासाठीं शेगडा निवडतांना मी सांगितलेला क्रम थोडा बदलावा. पकड प्रथम खरीच. पण तिच्या लगेच मागून, ती पकड उघडण्यास किती जोर लागतो आणि मूठ किती हलक्या हातानें फिरते, हें पाहावें. आणि तें दुकानदाराच्या हातीं न पाहतां ज्याला काम करावयाचें त्याच्याच हातीं पाहावें.

शेवटीं एका कारागीर बाईंचें नांव घेतों. स्कॉटलंडच्या उत्तर भागांतील मेगन बॉइड या सामनच्या माश्या बांधण्यांत जगप्रसिद्ध होत्या. समुद्राकांठच्या साध्या झोंपडींत, कित्येक वर्षें विजेच्या दिव्यावांचून, खिडकीपाशीं बसून त्या काम करीत. १९७१ सालीं त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल हें पदक मिळालें. त्यांनीं स्वतः मासा कधीं धरला नाहीं. पुढें दृष्टि मंद झाली तेव्हां त्यांना काम सोडावें लागलें. २००१ सालीं त्या वारल्या. त्यांच्या माश्या आज संग्राहक जपून ठेवतात, आणि त्या पाहतांना शेगडा कोणता होता असा प्रश्न कोणाच्या मनांत सहसा येत नाहीं.

याचा अर्थ हत्याराला महत्त्व नाहीं असा नव्हे. चांगलें हत्यार तें कीं जें काम चालू असतां विसरून जातां येतें. घसरणारा शेगडा क्षणोक्षणीं आपली आठवण करून देतो, आणि नवशिका मनुष्य दोष आपल्या बोटांना देऊन महिन्याभरांत छंद सोडतो. अति भपकेबाज शेगडाहि आपली आठवण करून देत असतो, कारण त्याची किंमत मनांतून जात नाहीं. या दोहोंच्या मध्यें, मुकाट्यानें घट्ट धरणारा आणि गरज पडेल तेव्हां सरळ फिरणारा जो शेगडा, तो घरीं आणावा. मग दिवा थोडा जवळ ओढावा आणि काम सुरू करावें.