प्रवाळांची वस्ती आणि शाळेतील धडा
(अंबरनाथ परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या शाळांतील मुलांस समुद्र फारसा परिचित नसतो. त्यांच्या परिचयाची असते ती वालधुनी. ही नदी इ. स. १०६० च्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेल्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगर ओलांडून कल्याणनजीक उल्हास नदीस मिळते, आणि ते पाणी पुढे खाडीवाटे अरबी समुद्रात जाते. तेव्हा समुद्राचा धडा या मुलांच्या दारापासूनच सुरू करता येतो.

त्या धड्यात प्रवाळास स्थान द्यावे. मुले त्यास दगड समजतात, कोणी वनस्पती म्हणतात. वस्तुतः प्रवाळ हा प्राणी होय. त्याचे इवलेसे शरीर पिशवीसारखे असून तो आपल्याभोवती चुन्याचे घर रचतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानास देते व त्यास रंगही आणते. म्हणूनच भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांस उबदार, उथळ व निर्मळ पाणी लागते. अशा असंख्य पिढ्यांच्या घरांचे थर साचून प्रवाळभित्ती उभी राहते.

हे नवल पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधण्यास आरंभ केला. त्या किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाणबुडे तेथे उतरतात. या स्कूबा पद्धतीचे उपकरण कूस्तो व गान्याँ या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली सिद्ध केले. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. यास्तव शिक्षणावाचून कोणी खाली उतरू नये. खाली फुलपाखरी मासे, पोपट मासे, गोब्रे आणि खडकास चिकटलेली समुद्रफुले दिसतात. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा जलपृष्ठाखाली सुमारे वीस मीटरवर असून तेथेही प्रवाळांची विस्तीर्ण वस्ती आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव त्यास लाभले आहे.

परंतु ही वस्ती नाजूक आहे. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो व पांढराफटक पडतो. ताप लवकर ओसरला तर तो सावरतो, न ओसरला तर उपासमारीने मरतो. १९९८ व २०१६ साली जगातील अनेक समुद्रांत असे घडले. याखेरीज गाळ, नौकांचे नांगर आणि हौशी पर्यटकांचे पाय यांनीही त्याचा नाश होतो. २००१ पासून प्रवाळांस वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडा तोडून घरी आणणे हा गुन्हा होय.

वालधुनीचे पाणी मालवणच्या प्रवाळांस मारते, असे मुलांस सांगू नये. ते खरे नव्हे. मात्र २०१४ साली या नदीत रसायने ओतली गेली, तेव्हा उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांस वायूची बाधा झाली, हे सांगावे. पाण्यात टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी घरी पोचते, हा नियम नदीस व समुद्रास सारखाच लागू आहे.

प्रयोगास खर्च नाही. अंड्याचे कवच लिंबाच्या रसात ठेवावे. बुडबुडे येतात व कवच झिजू लागते. कवच आणि प्रवाळाचे घर एकाच द्रव्याचे आहे. धुराड्यांतून निघणारा कर्बवायू समुद्रात विरघळून पाण्याची आम्लता वाढवतो आणि प्रवाळाचे घर बांधणे कठीण करतो. हा परिणाम फार सावकाश होतो, हेही सांगावे. दुसरा प्रयोग गढूळ व स्वच्छ पाण्याच्या दोन पेल्यांचा. पेल्यांमागे अक्षरे धरावीत व कोणत्या पेल्यातून ती दिसतात, हे मुलांनीच सांगावे. शैवालास प्रकाश का हवा, हे मग वेगळे समजवावे लागत नाही.

कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांच्या घरचा दिवस चालतो, त्या मुलांपैकीच काही उद्या त्या कारखान्यांत कामगार, रसायनज्ञ वा व्यवस्थापक होतील. सांडपाण्याची झडप उघडण्याचा अधिकार त्यांच्या हाती येईल. त्या हातास विचार करावयास लावणारा धडा प्राथमिक शाळेतच दिला गेला पाहिजे.